न वाजलेला हॉर्न

१

संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास काचांनी भरलेली एक पिकअप कालव्याजवळच्या वळणावर रस्ता सोडून खड्ड्यात गेली. जाताना तिने समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला उडवलं. सायकलवाला पेशाने शिंपी, दुकान बंद करून घरी निघालेला. त्याला बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात हलवलं. पिकअप चालवणाऱ्या तरुणाचा डावा हात मोडला. काचा झाडून सगळ्या फुटल्या.

तरुणाने पोलिसांना एवढंच सांगितलं: हेडलाइट लुकलुकले, मग गेले. हॉर्न दाबला, तो वाजलाच नाही.

यातल्या एकाही शब्दावर कुणाचा विश्वास बसला नाही. पिकअपच्या मागून बस येत होती. बसचा चालक म्हणाला, "दिवे गेले? काहीतरीच. लाल दिवे मला शेवटपर्यंत दिसत होते." वळणावरच्या पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, "हॉर्न ऐकला नाही. जागा असता तर दाबला असता ना!" दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी गाडी मालकाच्या शेडमध्ये उभी करून किल्ली फिरवली. डावा हेडलाइट फुटला होता, पण उजवा शाबूत होता, आणि तो असा लख्ख आणि स्थिर लागला की आणखी काही विचारायची गरजच उरली नाही.

पोलिसांच्या हिशेबी पोरगा गाडी चालवताना झोपला होता. शिंपी वाचला तर खटला एक, न वाचला तर वेगळाच. कागद संध्याकाळी पुढे जाणार होते. त्याआधी विमा कंपनीच्या माणसाने गाडी पाहून आपलं मत द्यायचं, एवढंच बाकी होतं.

विमा कंपनीने माणूस पाठवला, ती एक बाई होती.

२

तिला गॅरेजवाले पाठीमागे टॉर्चबाई म्हणत. दिवसाढवळ्यासुद्धा हातात टॉर्च, आणि पर्समध्ये दुसरी. अपघात झालेल्या गाड्या पाहण्यात तिचे केस पिकले होते. तिला खोटं बोलणाऱ्या माणसांचा राग येत नसे. खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं ठरवून मोकळं होण्याची मात्र धास्ती वाटे. तसं एकदोनदा होता होता राहिलं होतं.

पिकअपचा मालक त्या तरुणाचा सख्खा मामा होता. अख्खी गल्ली त्याला काचवाले मामा म्हणायची. पुढे दुकान, मागे शेड. दुकानात खिडक्यांच्या काचा पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या, आणि एकीवरही बोटाचा ठसा नाही. मामांना दोन गोष्टी सहन होत नसत, बोटांचे ठसे आणि खडखडाट. दाराची कडी वाजली तरी ते उठून तिला रबर लावत.

"या मॅडम," ते म्हणाले. "गाडी बघा, काय बघायची ती. गाडीत खोट नाही. खोट माणसात आहे, आणि ते माणूस माझ्याच घरचं आहे, याचं दुःख आहे."

पिकअप शेडमध्ये नाक चेपून उभी होती. तिच्या पुढच्या पत्र्यातल्या भोकातून जाडजूड लोखंडी साखळी ओवलेली होती. ती खाली चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, हुकातून जात होती आणि जमिनीतल्या कडीला कुलपाने जखडलेली होती.

"ही कुठे पळणार आहे आता?" बाईंनी विचारलं.

"आधीची एक पळाली ना! दारासमोरून गेली, चहा संपायच्या आत. तेव्हापासून गाडी आत आली की पहिली साखळी, मग माझे हातपाय धुणं. मोडकी असली म्हणून काय झालं?"

भाचा दुकानाच्या मागच्या पायरीवर बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. त्याच्याजवळ त्याची आई रबराच्या पट्ट्या कापत होती. ती मामांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती आणि मुलगा, दोघंही या दुकानातच राबत होते. मामांची तिच्याकडे पाठ होती आणि ती मुद्दाम वळवलेली होती, हे कुणाच्याही ध्यानात आलं असतं.

"नीट सांग," बाई भाच्याला म्हणाल्या. "काल पहिल्यांदा झालं का?"

"नाही हो. आठवडाभर चाललंय. खराब रस्ता लागला की दिवे थरथरायचे. मामाला चारदा सांगितलं. पण मामाला दाखवायला आणली की शहाण्यासारखे लागायचे. पाहुण्यांसमोर गुणी होणारी पोरं असतात ना, तसे."

"कुठे दाखवायला?"

"इथेच. गाडी आत घ्यायची, साखळी लावायची, हातपाय धुवायचे आणि मग म्हणायचं, हं, दाखव. मी किल्ली फिरवायचो आणि तोंडावर पडायचो. मामा म्हणायचा, दिवे नाही, तुझ्या पापण्या लुकलुकतायत. लवकर झोपत जा."

"आणि काल?"

भाच्याने ओठ दाताखाली धरला. "वळणाच्या अलीकडे डांबर उखडलंय. तिथे लुकलुकले. सायकल दिसली, अंधुक. मी हॉर्न दाबला आणि..." तो थांबला. "मॅडम, हे मी पोलिसांना सांगितलं तेव्हा ते हसले. हॉर्न दाबल्या दाबल्या होता तेवढा उजेडही गेला."

बाई हसल्या नाहीत.

३

रंगाऱ्याचं दुकान त्याच गल्लीच्या टोकाला. मामांनी महिन्याभरापूर्वी गाडीचा पुढचा भाग त्याच्याकडून रंगवून घेतला होता.

"माझ्या रंगात एक सुरकुती दाखवा, धंदा सोडतो," तो म्हणाला. "बोल्टसुद्धा रंगवलेत मी. फुकट! मामांना सगळं एकसारखं लागतं."

"रंग दिल्यानंतर दिवे लुकलुकायला लागले, असं ऐकलं."

"कोण, मिस्त्री म्हणाला? त्याच्या गॅरेजात मांजर व्यायली तरी तो माझंच नाव घेईल."

मामांची गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने खरोखरच त्याचंच नाव घेतलं. गाडीखालून तो बाहेर आला तो बोलतच. "रंगारी नव्हे, चुना लावणारा आहे तो. अर्थिंगच्या पट्टीखाली रंग फासतं का कुणी? ऐका मॅडम. करंट दिव्यापर्यंत जातो वायरीने, पण परत येतो पत्र्यातून. पुढचा पत्रा रबरावर बसवलेला, म्हणून त्याला चेसिसशी जोडणारी एक विणलेली पट्टी असते. ती पट्टी म्हणजे परतीची वाट. या पठ्ठ्याने तिच्याखाली गुळगुळीत रंग दिला. वाट बंद!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"पट्टी सोडली, खालचा पत्रा घासून चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला. दिवे टकाटक. त्यानंतर दोन आठवडे कुणाची तक्रार नव्हती."

"आणि मग पुन्हा लुकलुकायला लागले. म्हणजे तुमचा बोल्ट ढिला पडला."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. त्याने पाना हळूच खाली ठेवला. आतापर्यंत ही बाई कशासाठी आली आहे हे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते आता शिरलं.

"मॅडम, माझा हात असा नाही. त्या पोराला मी लहानपणापासून ओळखतो. माझ्या कामाने कुणी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "दातेरी वॉशर पत्र्यात रुततो. आपोआप सुटत नाही. कुणीतरी सोडला तरच."

"कुणी सोडला?"

"ते मला कसं कळणार?"

बाई निघाल्या आणि दारातून परत फिरल्या.

"मागच्या लाल दिव्यांची परतीची वाट कुठून?"

"ती वेगळी. मागे, चेसिसवर."

"आणि हॉर्नची?"

मिस्त्री उत्तर द्यायला गेला आणि तोंड उघडंच राहिलं. हॉर्न पुढच्या पत्र्यावर बसवलेला होता. हेडलाइटच्या आणि हॉर्नच्या परतीच्या वाटेत फरक नव्हता. पट्टी एकच होती.

"चला माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. "पाना घ्या."

४

वाटेत बाई मनाशी जुळवत होत्या. पुढची वाट तुटली तर हेडलाइट जातील, हॉर्न मुका होईल, आणि मागून येणाऱ्या बसवाल्याला लाल दिवे खुशाल दिसत राहतील. बसवालाही खरं बोलला, पंपावरचाही, आणि पोरगाही. ज्या दोन साक्षींनी त्याला खोटं ठरवलं, त्याच त्याच्या बाजूच्या होत्या.

फक्त एक गोष्ट आड येत होती. शेडमधला तो दिवा.

शेडचं शटर अर्धं ओढून अंधार केला. मिस्त्रीने किल्ली फिरवली. उजव्या हेडलाइटचा उजेड भिंतीवर पांढराशुभ्र पडला. बाईंनी इंजिन चालू करायला सांगितलं. गाडी थरथरू लागली, उजेड नाही थरथरला. मिस्त्रीने पत्र्यावर मुठी आपटल्या. उजेड ढिम्म. हॉर्न दाबला, तर गल्लीतली कुत्री भुंकायला लागली एवढा खणखणीत.

"झालं समाधान?" मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. थकवा होता. "मीही आठवडाभर हेच करत होतो, मॅडम. मला काय भाचा नकोसा झालाय?"

मिस्त्रीने खाली मान घातली. पायरीवर भाच्याच्या आईने कात्री थांबवली. भाचा उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की आता त्यालाच आपल्या पापण्यांची शंका यायला लागली असावी.

बाई टॉर्च घेऊन गाडीच्या नाकासमोर वाकल्या. पट्टीचा बोल्ट चेपलेल्या जाळीच्या मागे, खोल होता. चिखल वाळून बसला होता, त्यामुळे काही दिसेना. आणखी वाकायला आधार हवा होता. त्यांनी साखळी धरली आणि अंगाचा भार तिच्यावर टाकला. साखळी पत्र्यावरून बोटभर सरकली.

भिंतीवरच्या उजेडाने एकदा डोळा मिचकावला.

बाईंनी टॉर्च साखळीवर नेली. जिथे कड्या पत्र्याच्या भोकातून जात होत्या, तिथला रंग रोजच्या घासण्याने उडाला होता आणि उघडं लोखंड चमकत होतं. खाली चेसिसच्या हुकातही तसंच.

पुढच्या पत्र्यापासून चेसिसपर्यंत, लोखंडाला लोखंड लागलेलं होतं.

"मामा," बाई सरळ होत म्हणाल्या, "साखळी काढा."

मामांनी कुलपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"किल्ली घरी राहिली," ते म्हणाले.

५

"दादा."

भाच्याच्या आईने हातातली कात्री खाली ठेवली होती. ती मोठ्याने बोलली नाही.

"किल्ली तुझ्या जुडग्यात आहे. सकाळी पोलिसांसमोर तूच कुलूप लावलंस आणि जुडगा खिशात टाकलास. मी बघत होते."

"असेल. लक्षात नाही राहिलं."

"तुझ्या?" ती म्हणाली. "कुठल्या खिडकीला कुठली काच बसवली ते तुला वीस वर्षांनी आठवतं. आण इकडे."

मामांनी जुडगा काढला, पण हात पुढे केला नाही. बहिणीने तो त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला, कुलूप उघडलं आणि साखळी खडखडत जमिनीवर पडली. मामांनी डोळे मिटले. एरवी त्या आवाजावर ते ओरडले असते.

"चालू करा," बाई म्हणाल्या.

इंजिन चालू झालं. भिंतीवरचा उजेड आला, थरथरला, पिवळा पडला, पुन्हा उजळला. वाऱ्यातल्या ज्योतीसारखा तो कमीजास्त होत राहिला. मिस्त्रीने हॉर्न दाबला. एक घोगरा, मेल्यासारखा आवाज निघाला, आणि भिंतीवर काळोख झाला.

"असंच!" भाचा ओरडला. "आई, असंच झालं! अगदी असंच!" आणि मग तो मोडका हात विसरून भिंतीला टेकला आणि रडायला लागला.

बाईंनी त्याला रडू दिलं. त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "जंपर केबल आहे?" मिस्त्रीने केबलचा एक चिमटा चेसिसला लावला आणि दुसरा पुढच्या पत्र्याच्या उघड्या लोखंडाला. उजेड स्थिर झाला. चिमटा काढला, पुन्हा थरथरला. लावला, स्थिर. बाईंनी हे तीनदा करायला लावलं आणि तिन्ही वेळा मोबाइलवर चित्रण केलं.

"साखळी या केबलचं काम करत होती," त्या म्हणाल्या. "गाडी आत आली की साखळी, साखळी लागली की दिवे ठीक. रस्त्यावर साखळी नाही. म्हणून दिवे फक्त मामांनाच चांगले दिसायचे. आता बोल्ट बघू. चिखलाचे फोटो आधी."

मिस्त्रीने जाळी कापली, चिखल खरवडला. पान्याला फारसा जोर लागला नाही. बोल्ट आला, त्यामागून दातेरी वॉशर आला, मग पट्टी. आणि पट्टीच्या खाली, जिथे तिने चकचकीत पत्र्याला भिडायला हवं होतं, तिथे काळी रबराची चकती होती.

"हे माझं नाही," मिस्त्री म्हणाला. तो एवढा दचकला होता की बोल्ट त्याच्या हातातून पडला. "आईशप्पथ, मॅडम. अर्थिंगखाली रबर? हे कुठल्याच मिस्त्रीच्या हातून होणार नाही. रबराने वाटच तुटली. उरला तो बोल्टचा स्पर्श, आणि त्याच्या आट्यांत त्या रंगाऱ्याचा रंग. गाडी हादरली की लागणार, सुटणार, लागणार, सुटणार."

बाईंनी चकती चिमट्याने उचलून टॉर्चखाली धरली. रबर काळं, चिवट, एका बाजूने मधोमध चर असलेलं. काचेची कड बसवण्यासाठी असतो तसा चर. कात्रीने कापलेलं, पण यंत्रासारखं गोल. अशी कात्री फार वर्षं चालवणाऱ्याचाच हात असा फिरतो.

त्यांना विचारावं लागलं नाही.

"हे मी कापलंय," भाच्याची आई म्हणाली.

६

ती चकतीपाशी आली, पण तिने तिला हात लावला नाही.

"दादा म्हणाला, चार चकत्या काप. मी विचारलं, कशाला? तर म्हणाला, एक खिडकी खडखडतेय." तिने भावाकडे पाहिलं. "खिडकी म्हणालास ना?"

"खडखड होत होती," मामा म्हणाले. "पुढचा पत्रा वाजायचा. काचा घेऊन जाताना तो आवाज मला... मी पत्र्याचे चारही बोल्ट सोडले आणि खाली रबर घातलं. मॅडम, जन्मभर हेच केलंय मी. काच आणि लोखंड एकमेकांना भिडू द्यायचे नाहीत, मध्ये रबर. त्यातला एक बोल्ट दिव्याचा आहे, हे मला काय ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं, मान्य," बाई म्हणाल्या. "कुणाला असतंच असं नाही. आता आठवून सांगा. रबर घातलंत, ते भाच्याने तक्रार करायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"मग दिवे लुकलुकतात असं त्याने सांगितलं, तेव्हा रबराची आठवण झाली का?"

"दिवे चांगले लागत होते! तुम्हीही बघितलंत. सगळ्यांनी बघितलं."

"साखळी लावून."

मामांनी चकतीकडे पाठ केली.

"गाडीला कुणी हात लावला का, असं सकाळी पोलिसांनी विचारलं, ते त्यांच्या कागदात आहे. तुम्ही नाही म्हणालात."

"अपघातानंतर, असं मला वाटलं. अपघातानंतर कुणी लावला नाही."

"तेही मान्य करते." बाईंचा आवाज चढला नव्हता. "एकच गोष्ट मला जुळवता येत नाही. मघाशी मी साखळी काढा म्हणाले. तेव्हा तुमच्या मते साखळीचा आणि दिव्याचा काही संबंधच नव्हता. मग किल्ली घरी राहिली, असं का म्हणालात?"

शेडमध्ये इंजिन बंद होतं, तरी कसलीतरी थरथर जाणवत होती. भाच्याने डोळे पुसले होते आणि तो मामांकडे बघत होता. त्याच्या बघण्यात राग नव्हता. तो उत्तराची वाट बघत होता. पायरीवरून दुकानात जाताना मामांनी हजारदा त्याच्या डोक्यावर टपली मारली असेल. त्याने गाडी शिकली तीही मामांच्या शेजारी बसून.

"मामा," तो म्हणाला, "तुला कधी कळलं?"

मामांची नजर जमिनीवर पडलेल्या साखळीवर गेली, तिथून बहिणीवर. मग त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

"मी ठाण्यात जाऊन येतो," ते म्हणाले.

"काय सांगणार आहेस तिथे?" बहिणीने विचारलं.

ते शटरखालून वाकून बाहेर पडले. बहीण त्यांच्या मागे गेली. चप्पल घालायलाही ती थांबली नाही.

मिस्त्रीने रबर बाजूला ठेवून पत्रा पुन्हा घासला, आट्यांमधला रंग तारेच्या ब्रशने काढला, दातेरी वॉशर घालून पट्टी आवळली. साखळी नाही, केबल नाही. इंजिन चालू करून त्याने पत्र्यावर मुठी मारल्या. उजेड हलला नाही. हॉर्न दाबला, तो खणखणीत वाजला. मिस्त्रीने लगेच हात काढून घेतला. त्या आवाजाचा आता कुणालाच आनंद नव्हता.

बाईंनी चकती पाकिटात घातली आणि आपलं मत फोनवरून पोलिसांना कळवलं: चालकाने सांगितलेला प्रत्येक शब्द गाडीने खरा करून दाखवला आहे. दिवे आणि हॉर्न एकाच कारणाने बंद पडले. चालक झोपला होता असं मानण्याला आधार नाही. मालकाला हे कधीपासून माहीत होतं, या प्रश्नापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सांगता येत नाही."

दिवस कलताना रुग्णालयातून निरोप आला. शिंप्याने डोळे उघडले आहेत. तो अजून बोललेला नाही.

काचवाले मामा त्या वेळी ठाण्यात होते. आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि बाहेरच्या बाकावर त्यांची बहीण अनवाणी बसलेली होती.